सोडियम बेंझोएट घालूनही क्रीमला बुरशी येते? डोस वाढवण्याआधी हे तपासा

जून लागला की मुंबईत ही तक्रार ठरलेलीच. घरी किंवा बचत गटात बनवलेलं क्रीम, कोरफडीचं जेल, टोनर मे अखेरपर्यंत नीट टिकतं. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही प्रिझर्वेटिव्हची, म्हणजे माल टिकवणाऱ्या पदार्थांची जोडी त्यात रीतसर घातलेली असते. पाऊस स्थिरावतो आणि झाकणाखाली करडे ठिपके दिसायला लागतात. मग कुणी डोस दुप्पट करतं, तर कुणी ‘नैसर्गिक प्रिझर्वेटिव्हचा काही उपयोग नसतो’ म्हणून ते घालणंच सोडून देतं. दोन्ही मार्ग धोक्याचे आहेत. दोष या जोडीचा क्वचितच असतो. तिला काम करता येईल अशी परिस्थितीच बहुतेक वेळा डबीत नसते.

सोडियम बेंझोएट हा बेंझोइक आम्लाचा क्षार, पोटॅशियम सॉर्बेट सॉर्बिक आम्लाचा. बेंझोइक आम्ल उदाच्या राळेत, दालचिनीत, क्रॅनबेरीत असतं. सॉर्बिक आम्ल पहिल्यांदा १८५९ मध्ये रोवन नावाच्या झाडाच्या फळांपासून मिळालं. बाजारात मिळते ती पूड कारखान्यात तयार होते, पण रेणू तोच. युरोपच्या कॉसमॉस या नैसर्गिक प्रसाधनांच्या मानकातही दोन्ही चालतात. त्यामुळे ‘हे खरं नैसर्गिक का’ या वादात वेळ घालवू नका. डबीत ते काम करतं की नाही, एवढंच बघायचंय.

खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, खर्चाच्या आणि अवघड नंतर अशा लावल्या आहेत. पीएच (आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजायच्या मीटरवर पैसे घातल्यावर दोष ओल्या झाकणात निघाला, असं होऊ नये.

लक्षणं: आधी नेमकं काय बिघडलंय ते ओळखा

झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा बरणीच्या काठाला करडे, हिरवे, काळे ठिपके दिसले आणि मधलं क्रीम स्वच्छ असलं, तर ती बुरशी आहे आणि बहुधा झाकणावर जमलेल्या पाण्यातून सुरू झाली आहे. ठिपके क्रीमच्या पोटात असतील तर दोष पाककृतीत शोधा.

वास नीट ओळखा. कुबट किंवा आंबूस वास जीवाणू-बुरशीचा. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास तेलाचा. खवट तेलाचा प्रिझर्वेटिव्हशी काही संबंध नाही, तिथे ताजं तेल आणि व्हिटॅमिन ई लागतं. एक तिसरा वासही असतो, रॉकेलसारखा. काही बुरशी सॉर्बिक आम्ल मोडून त्यातून असा वास येणारं रसायन तयार करतात. हा वास आला तर बुरशी तुमचं प्रिझर्वेटिव्हच खाऊन वाढते आहे असं समजा.

जेल एकाएकी पातळ झालं, पंपातून फसफसत बुडबुडे आले, बाटली फुगली, तर आत यीस्ट किंवा जीवाणू वाढत असण्याची शक्यता मोठी. हिरवट-पिवळी झाक किंवा गुलाबी डाग हेही जीवाणूंचं लक्षण.

आता जीवाणू-बुरशीशी संबंध नसलेली लक्षणं. काचेसारखे चमकणारे, बोटाला टोचणारे पांढरे कण बहुधा बेंझोइक आम्लाचे खडे असतात. शिया बटरचे दाणे बोटाने चोळले की वितळतात, आम्लाचे खडे वितळत नाहीत. टोनर हळूहळू पिवळसर झाला आणि वास तसाच राहिला, तर सॉर्बेट हवेनं ऑक्सिडाइझ होतंय. कार्बोमरचं (जेल घट्ट करणाऱ्या कृत्रिम पुडीचं) जेल प्रिझर्वेटिव्ह घालताक्षणी किंवा आम्ल घालताक्षणी पाण्यासारखं झालं, तर तो जीवाणूंचा प्रताप नव्हे. कार्बोमरला क्षार आणि पीएच ५ च्या खालचं आम्ल दोन्ही सोसत नाहीत. अशा जेलला झँथन गम वापरा, ०.५ ते १ टक्का.

लक्षण दिसत नाही म्हणजे माल चांगला आहे, असं मात्र धरू नका. ग्रॅममागे लाखो जीवाणू असलेलं क्रीमसुद्धा दिसायला आणि वासाला अगदी छान असू शकतं.

बिघडलेली बॅच वाचवू नका

वरचा थर खरवडून खालचं वापरणं, पुन्हा गरम करणं, वरून आणखी बेंझोएट घालणं, यातलं काहीही करू नका. बुरशीचे धागे दिसणाऱ्या ठिपक्याच्या बऱ्याच पलीकडे गेलेले असतात. जीवाणू मेले तरी त्यांची काही विषं उष्णतेला दाद देत नाहीत. सगळी बॅच फेका, विकलेल्या डब्या परत मागवा. त्या बॅचला वापरलेला कच्चा माल मात्र पुढच्या तपासणीसाठी बाजूला ठेवा. फक्त त्यावर ‘वापरू नये’ असं ठळक लिहा.

पहिली तपासणी: झाकण, बरणी, भरण्याची वेळ

खर्च शून्य, आणि पावसाळ्यातल्या तक्रारी इथेच सर्वांत जास्त सुटतात.

गरम क्रीम बरणीत भरून लगेच झाकण लावलं की वाफ झाकणाला थंड होऊन थेंब बनते. तो थेंब म्हणजे शुद्ध पाणी. त्यात बेंझोएट नाही, आम्ल नाही, काही नाही. क्रीममध्ये प्रिझर्वेटिव्ह कितीही असो, झाकणाच्या पुठ्ठ्याखाली किंवा फोमच्या चकतीखाली बुरशीला कोरी जागा मिळते. डबी उघडून झाकणातली चकती नखाने उचला. ठिपके तिच्याखाली जास्त असतील तर कारण सापडलं.

उपाय: मिश्रण ४० अंशांच्या खाली आलं की भरा, वर अल्कोहोलने पुसलेली फॉइल अलगद ठेवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच झाकण लावा. झाकणात कागदी पुठ्ठा असेल तर असली झाकणं घेऊ नका. पुठ्ठा पाणी धरून ठेवतो.

दुसरी चूक धुतलेल्या बरण्यांची. जुलैत मुंबईच्या हवेत उपडी ठेवलेली बरणी रात्रभरात सुकत नाही. आट्यांत आणि तळाशी पाणी राहतंच. धुऊन झाल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवा, निथळा, स्वच्छ कपड्यावर सुकवा. शंभर टक्के अल्कोहोल घेऊ नका. जीवाणूंची प्रथिनं मोडायला त्यात थोडं पाणी लागतंच, शिवाय शुद्ध अल्कोहोल लगेच उडून जातं. पेट (PET) प्लॅस्टिकच्या बाटल्या उकळू नका, त्या वेड्यावाकड्या होतात.

आणि शक्य असेल तिथे तोंड उघडी डबी सोडून पंप किंवा ट्यूब घ्या. आंघोळीनंतर ओलं बोट रोज डबीत जातं तेव्हा प्रत्येक वेळी थोडं पाणी आणि बरेच जीवाणू आत जातात. डबीच विकायची असेल तर सोबत छोटा चमचा द्या आणि लेबलवर ‘न्हाणीघरात ठेवू नये’ असं स्पष्ट छापा.

दुसरी तपासणी: पाककृती कागदावर वाचा

यादीत ताजा कोरफडीचा गर, काकडीचा रस, दूध, दही, मध, बेसन, ताजी हळद, घरी काढलेलं गुलाबपाणी यांपैकी काही आहे का? असेल तर पुढे जायची गरज नाही. ताज्या वनस्पतीच्या गरात साखर असते, प्रथिनं असतात आणि सुरुवातीपासूनच जीवाणूंची मोठी वस्ती असते. सुरक्षित मर्यादेतलं कुठलंही प्रिझर्वेटिव्ह एवढा भार पेलत नाही. असा लेप करायचा तर त्या वेळेपुरता करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

विकायच्या मालात कोरफड हवी असेल तर २०० पट घट्ट केलेली वाळलेली पूड घ्या. १ ग्रॅम पूड आणि १९९ ग्रॅम पाणी म्हणजे रसाइतकी ताकद. उटणं कोरडंच विका, पाणी किंवा दूध ग्राहकाने वेळेवर घालावं. कोरड्या पुडीत जीवाणू वाढत नाहीत, म्हणून तिला प्रिझर्वेटिव्ह लागतच नाही. मेण आणि तेलाच्या बामलाही लागत नाही, जोवर त्यात पाणी शिरत नाही तोवर. मिठाचा किंवा साखरेचा स्क्रब मात्र न्हाणीघरात ओल्या हाताने वापरला जातो. बनवताना त्यात पाणी नसलं तरी पुढे ते येणारच, असं धरूनच तो बनवावा.

मुलतानी माती घातलेलं ओलं क्रीम हा वेगळाच त्रास. मातीत बीजाणू असतात, ते ८० अंशांना मरत नाहीत. शिवाय माती प्रिझर्वेटिव्ह शोषून घेते आणि पीएचही वर ओढते. एकाच वस्तूत तीन दोष. माती पुडीतच राहू द्या.

तिसरी तपासणी: वजन

स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. २०० ग्रॅमच्या बॅचला ०.४ टक्के सोडियम बेंझोएट म्हणजे ०.८ ग्रॅम. पाव चमचा, चिमूट, ‘अंदाजे’, यात निम्मं किंवा दुप्पट सहज होतं. ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घ्या, सोनार वापरतात तसला. महिन्यातून एकदा त्यावर सोबत आलेलं वजन ठेवून तो बरोबर आहे का बघा.

सुरुवातीचं प्रमाण असं ठेवा: सोडियम बेंझोएट ०.४ टक्के, पोटॅशियम सॉर्बेट ०.२ टक्के. २०० ग्रॅमला ०.८ आणि ०.४ ग्रॅम. टक्केवारी पूर्ण बॅचवर धरायची, नुसत्या पाण्यावर नाही. गरम करताना उडालेलं पाणी शेवटी वजन करून भरून काढा.

वरची मर्यादाही लक्षात असू द्या. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूंसाठी युरोपीय नियमात बेंझोइक आम्ल ०.५ टक्के आणि सॉर्बिक आम्ल ०.६ टक्के, दोन्ही आम्लाच्या हिशोबाने. क्षाराच्या हिशोबात ते सोडियम बेंझोएट साधारण ०.५९ आणि पोटॅशियम सॉर्बेट साधारण ०.८ टक्के होतं. बेंझोएट १ टक्का घालणारे लोक ही मर्यादा कधीच ओलांडून गेलेले असतात.

पुडीची अवस्थाही बघा. सॉर्बेट हवेतलं पाणी ओढतं आणि पिवळं पडतं. गुठळ्या झालेली, पिवळट पूड फेकून द्या. नवी पूड एकदम किलोने घेऊ नका. प्रिन्सेस स्ट्रीटवर सुटी घेतलीत तरी घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा आणि घेतल्याची तारीख लिहा.

चौथी तपासणी: पीएच

बुरशीच्या आत शिरून तिला मारतं ते न मोडलेलं आम्ल. पाण्यात विरघळलेला क्षार नुसता असून उपयोग नाही. त्याचा किती भाग आम्लाच्या रूपात आहे, हे पूर्णपणे पीएचवर ठरतं.

पीएच ४.५ असेल तर बेंझोइकचा साधारण ३३ टक्के आणि सॉर्बिकचा ६४ टक्के भाग कामाच्या रूपात असतो. पीएच ५ ला हेच आकडे १४ आणि ३७. पीएच ५.५ ला ५ आणि १५. पीएच ६ ला दीड आणि पाच-साडेपाच टक्के. म्हणजे ४.५ वरून ६ वर गेलात की बेंझोएटची ताकद वीसपट घटते. डोस दुप्पट करून हे भरून येत नाही. मर्यादा ओलांडली जाते, त्वचा चुरचुरते आणि बुरशी तशीच राहते. म्हणून डोसला हात लावण्याआधी पीएच.

मोजायचं कसं: १ ग्रॅम क्रीम आणि ९ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी काचेच्या छोट्या पेल्यात नीट ढवळा, मग पट्टी बुडवा. क्रीम थेट पट्टीवर लावलं तर तेल आड येतं आणि रंग फसवतो. १ ते १४ ची पट्टी इथे कामाची नाही, ५ आणि ६ मधला फरकच तिला धड दाखवता येत नाही. ४ ते ७ मध्ये अर्ध्या-अर्ध्या टप्प्याची पट्टी घ्या. मीटर घेतलात तर वापरायच्या दिवशीच ४.०० आणि ६.८६ पीएचच्या तयार (बफर) द्रावणांत तो जुळवा. स्वस्त पेनसारखे मीटर आठवडाभरात भरकटतात, आणि जुळवणी न केलेल्या मीटरवर विसंबण्यापेक्षा चांगली पट्टी बरी.

एकदा मोजून थांबू नका. बनवल्यावर लगेच, २४ तासांनी, आठवड्याने आणि महिन्याने मोजा, आकडे बॅचच्या वहीत लिहा. तक्रारी येतात त्या बॅचेसचा पीएच पहिल्या दिवशी बरेचदा ५ असतो आणि महिन्याभराने ५.८ ते ६ झालेला असतो. वर ओढणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: झिंक ऑक्साइड, माती, खडूची पूड, युरिया, खायचा सोडा. बेंझोएट आणि सॉर्बेट स्वतःही पीएच वर नेतात, म्हणून ते घालण्याआधी मोजलेला आकडा धरू नका.

खाली आणायचं कसं: २० ग्रॅम सायट्रिक आम्ल ८० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. २०० ग्रॅम क्रीमला चार-पाच थेंब घाला, दोन मिनिटं ढवळा, मोजा, पुन्हा घाला. क्रीमसाठी ४.८ ते ५, टोनरसाठी ४.५ च्या आसपास थांबा. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग स्वतःच आम्लधर्मी असतो, त्याला हा पीएच खटकत नाही. चुकून खाली गेलात तर सोडियम सायट्रेटच्या द्रावणाने सावकाश वर आणा. लॅक्टिक आम्लही चालतं. लिंबू पिळू नका. रसात साखर आणि गर असतो, सालीच्या तेलातले घटक उन्हात त्वचा भाजतात.

क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही क्षार थोड्या साध्या पाण्यात पूर्ण विरघळवा, ते द्रावण थंड होत आलेल्या मिश्रणात ४० अंशांच्या आसपास घाला, मिसळा आणि आम्ल शेवटी, थेंबाथेंबाने. आम्लाची धार एकाच जागी पडली की तिथला पीएच एकदम घसरतो, बेंझोइक आम्ल पाण्यात मावत नाही आणि पांढरे खडे पडतात. लिटरभर पाण्यात २५ अंशांना ते साधारण साडेतीन ग्रॅमच विरघळतं. खडे होऊन बसलेलं प्रिझर्वेटिव्ह काम करत नाही आणि त्वचेला टोचतं.

पीएच टिकवायला सायट्रिक आम्लाबरोबर थोडं सोडियम सायट्रेट ठेवा. दोघांची जोडी बफर बनते आणि महिन्याभरात पीएचचं वर सरकणं बरंच थांबतं.

इथे एक अडचण येते आणि तिला सोपा इलाज नाही. मेण आणि बोरॅक्सचं जुन्या पद्धतीचं कोल्ड क्रीम, स्टिअरिक आम्ल आणि ट्रायइथेनॉलअमाइनचं व्हॅनिशिंग क्रीम, साबणयुक्त ग्लिसरिल स्टिअरेट, या सगळ्यांचा पाया साबण आहे आणि पीएच ७ च्या वर. आम्ल घातलं की क्रीम फाटतं, पाणी सुटतं. न घालावं तर बेंझोएट निजलेलं. अशा क्रीमला ही जोडी चालतच नाही. आम्ल सोसणारा इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ घ्या, उदाहरणार्थ सेटेरिल ऑलिव्हेट आणि सॉर्बिटन ऑलिव्हेट यांचं मिश्रण, किंवा सेटेरिल ग्लुकोसाइडचं. पाककृती बदलायचा कंटाळा करू नका. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीपुढे लंगडे पडतात.

पाचवी तपासणी: पाणी आणि कच्चा माल

पालिकेचं पाणी पिण्यालायक असतं, पण ते सोसायटीच्या टाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत थांबून येतं. फिल्टरचं पाणीही निर्जंतुक नसतं. जुन्या झालेल्या गाळणीत जीवाणू राहतात. डिस्टिल्ड पाणी घ्या, तेही उघडून महिनाभर पडलेलं नको. पाण्याचा भाग ७५ ते ८० अंशांवर झाकून २० मिनिटं ठेवा, मग तेलाचा भाग मिसळा.

पाण्यात ०.१ ते ०.२ टक्के सोडियम फायटेट घाला. हे तांदळाच्या कोंड्यापासून मिळतं आणि पाण्यातले धातूंचे अंश बांधून ठेवतं. स्युडोमोनास जातीच्या जीवाणूंचं बाहेरचं आवरण कॅल्शियम-मॅग्नेशियमवर टिकून असतं. ते धातू काढून घेतले की आम्लाला आत शिरणं सोपं होतं. बेंझोएट-सॉर्बेट जोडी बुरशी आणि यीस्टवर चांगली चालते, जीवाणूंवर तितकी नाही. फायटेट ती उणीव थोडी भरून काढतं.

सहावी तपासणी: तेलाचं प्रमाण

आम्लाच्या रूपातलं प्रिझर्वेटिव्ह तेलातही जातं, आणि बुरशी वाढते पाण्यात. तेल ३०-४० टक्के असलेल्या क्रीममध्ये पाण्याच्या वाट्याला कमीच उरतं. जास्तीचं पॉलिसॉर्बेटही (हाही एक इमल्सिफायर) प्रिझर्वेटिव्हला स्वतःत अडकवून ठेवतं. इथेही डोस वाढवू नका. ग्लिसरिल कॅप्रिलेट ०.५ ते १ टक्का किंवा प्रोपेनडायॉल ३ ते ५ टक्के घाला, दोन्ही वनस्पतींपासून मिळतात आणि मुख्य प्रिझर्वेटिव्हला हात देतात.

हे प्रिझर्वेटिव्ह नाही

व्हिटॅमिन ई आणि रोझमेरी अर्क तेल खवट होऊ देत नाहीत, बुरशी थांबवत नाहीत. टी ट्री, लवंग, कडुनिंबाचं तेल: बुरशी मारेल इतक्या प्रमाणात घातलं तर त्वचा आधी भाजेल. द्राक्षफळाच्या, म्हणजे ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क ‘नैसर्गिक’ म्हणून खूप विकला जातो. तपासलेल्या कित्येक नमुन्यांत त्याची जंतुनाशक ताकद बेंझेथोनियम क्लोराइडसारख्या कृत्रिम रसायनाची निघाली, बियांची नाही. मुळ्याच्या आंबवणाचं प्रिझर्वेटिव्ह बुरशीवर कमकुवत आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ते एकटं वापरू नका.

सातवी पायरी: जोडी बदला

वरचं सगळं नीट असूनही बॅच टिकत नसेल, किंवा पीएच ५.५ च्या खाली नेताच येत नसेल, तर बेंझिल अल्कोहोल आणि डिहायड्रोअॅसेटिक आम्लाचं तयार मिश्रण बघा. ते साधारण पीएच ६ पर्यंत काम करतं, ०.६ ते १ टक्का पुरतं आणि ४० अंशांच्या खाली घालायचं असतं. बेंझिल अल्कोहोलची मर्यादा १ टक्का. ते काहींना अॅलर्जी करतं, म्हणून लेबलवर नाव हवंच. साबणाच्या पायावरच्या क्रीमला हेही उपयोगी नाही.

वापरणाऱ्याची सुरक्षितता

बेंझोएट किंवा सॉर्बेटचं क्रीम लावल्यावर काहींना गालावर, ओठांभोवती काही मिनिटांत लाली आणि चुरचुर येते आणि तासाभरात जाते. ही बहुतेक वेळा खरी अॅलर्जी नसते, हे पदार्थ काही त्वचांवर थेट तसा परिणाम करतात. तरी ते क्रीम त्या व्यक्तीने वापरू नये. पुरळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठली आणि पसरली तर अॅलर्जीची शक्यता धरा. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघावी.

व्हिटॅमिन सी, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्लाच्या सिरममध्ये सोडियम बेंझोएट घालू नका. उष्णता, प्रकाश आणि धातूंचे अंश मिळाले की दोघांपासून बेंझिन तयार होऊ शकतं, आणि बेंझिन कर्करोगकारक आहे. मुंबईच्या उन्हात कुरियरच्या टेंपोत पडलेल्या बाटलीला उष्णता आणि वेळ दोन्ही मिळतात.

इथे थांबा

बिघडलेलं क्रीम लावून डोळा लाल झाला, पू आला, फोड आले, ताप आला तर घरचे उपाय करू नका. वापर बंद करा आणि डबी बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा, नेमका जीवाणू शोधायला तिचा उपयोग होतो. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. डोळ्याची तक्रार त्याच दिवशी दाखवा. स्युडोमोनासचा संसर्ग बुबुळाला फार वेगाने इजा करतो.

डोळ्यांजवळची प्रसाधनं, तान्ह्या बाळांची क्रीम्स, जखमेवर किंवा भाजलेल्या त्वचेवर लावायच्या वस्तू घरी बनवून देऊच नका, पीएच कितीही अचूक असो. तिथे ग्रॅममागे जीवाणूंची मर्यादाही कडक असते: इतर प्रसाधनांना १०००, डोळ्यांच्या आणि लहान मुलांच्या वस्तूंना १००.

पहिल्या सहा तपासण्या करून, वहीत आकडे लिहूनही लागोपाठच्या बॅचेस बिघडत असतील तर पाककृती स्वतः बदलत बसू नका. प्रसाधनांत काम केलेला फॉर्म्युलेशन केमिस्ट गाठा आणि त्याला वही दाखवा. वही नसेल तर तोही अंदाजच करणार.

विक्रीसाठी बनवत असाल तर उत्पादनाचा परवाना लागतो, बचत गटालाही आणि घरगुती उद्योगालाही. सौंदर्यप्रसाधने नियम २०२० नुसार तो राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, त्याचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. गणपती आणि दिवाळीच्या प्रदर्शनांचा माल जुलै-ऑगस्टमध्ये बनतो, म्हणजे नेमका वर्षातल्या सर्वांत दमट हवेत. त्याची चाचणी त्याआधीच करून घ्या. प्रिझर्वेटिव्ह चॅलेंज चाचणीत मालात मुद्दाम जीवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडून ७, १४ आणि २८ व्या दिवशी मोजतात, म्हणजे निकालालाच महिना जातो. ही चाचणी पाककृतीची असते, ती एकदा करावी. जीवाणू आणि बुरशीची साधी मोजणी मात्र प्रत्येक विक्रीच्या बॅचची हवी.

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नमुना देताना न उघडलेल्या दोन डब्या द्या, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि मोजलेला पीएच कळवा. प्रिझर्वेटिव्हचं नाव आणि टक्केवारी लपवू नका. मोजणीच्या वेळी प्रयोगशाळेला त्याचा असर आधी मोडावा लागतो. तो मोडला नाही तर नमुन्यातले जिवंत जीवाणूही ताटलीत वाढत नाहीत आणि खराब मालाचा अहवाल स्वच्छ येतो.